काकींचा कडता

सोमवारी सकाळी सातला आमच्या घरमालकीण काकी सोप्यातला लोखंडी काटा फडक्यानं पुसायच्या, खडूची कांडी कानामागं खोवायच्या आणि दारात उभ्या राहून ओरडायच्या, "या गं, चढा!" मग गल्लीतल्या पन्नाशी-साठीच्या बायका एकेक करून काट्यावर चढायच्या. हा काटा माणसांचा नव्हता. काकींच्या बंद झालेल्या अडत दुकानातला, गूळ मोजायचा होता. खाली पोतं ठेवायची फळी, वर आडवी दांडी, दांडीवर सरकणारं वजन. दांडी मधोमध तरंगली की काकी आकडा वाचायच्या, आणि किलोत नाही, रव्यात सांगायच्या. गुळाची तीस किलोची ढेप म्हणजे एक रवा. "आक्का, तू दोन रवे आन वर पाच." समोरच्या घरातल्या आक्का पासष्ट किलोच्या आहेत, हे आख्ख्या गल्लीला असं कळायचं. मग काकी सोप्याच्या भिंतीवर खडूनं आकडा लिहायच्या आणि आक्का खूश होऊन घरी जायच्या.

मी त्यांच्या माडीवर सहा वर्षं भाड्यानं राहिले. मूळची कुरुंदवाडची, प्राथमिक शाळेत शिक्षिका, स्वभावानं तापट. पहिल्या दिवशी ट्रंक खाली ठेवली तर काकींनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही.

"वजन किती?"

"तुम्हाला काय करायचंय?" मी फणकारले.

"जिना लाकडी हाय, बाई. त्येच्या वतीनं इचारतो."

आमच्याकडं बायका 'मी सांगतो, मी जातो' अशाच बोलतात, तशा काकी बोलायच्या. मी काट्यावर चढले. दोन रवे बरोबर. साठ किलो! शाळेच्या तपासणीत महिन्यापूर्वीच बासष्ट भरले होते. म्हटलं, बाई, कोल्हापूरचं पाणी आपल्याला मानवणार.

पुढच्या सोमवारी मी स्वतः दांडी वाचली तेव्हा कळलं. दांडी बासष्टच सांगत होती. दोन किलो काकींनी तोंडातल्या तोंडात खाल्ले होते.

"काकी, हे काय?"

"कडता."

मला शब्द माहीत नव्हता. काकींनी मला समोर बसवलं आणि मी दुसरीतल्या पोरांना हातचा शिकवते तसं शिकवलं. "ताजा गूळ ओला असतोय. आज जेवढा भरला त्येवढा आठ दिसानं भरत न्हाय, वाळतोय. मग आजच थोडं वजन कापून धरायचं. त्येला कडता म्हणायचं. ध्यानात आलं?"

"आलं. पण माझा काय संबंध?"

"का? माणूस काय वाळल्यालं असतंय व्हय? सकाळचं तांब्याभर पाणी, कपभर चहा, अंगातला घाम. समदं ओलंच की!"

मी हात टेकले. काकी स्वतः चौऱ्याऐंशी किलो होत्या आणि उंचीला माझ्या खांद्याला लागायच्या. त्यांचा स्वतःचा कडता चार किलो होता. भिंतीवर दर सोमवारी ऐंशी लिहिलेलं असायचं. आता गल्लीतल्या बायका दुसरीकडं कुठं वजन का करत नव्हत्या, ते मला कळलं. एवढा प्रेमळ काटा त्यांना कोल्हापुरात दुसरीकडं कुठं मिळणार होता?

आणि गंमत अशी की ह्याच काकींचं मार्केट यार्डात नाव होतं ते काट्याच्या खरेपणाबद्दल. काका गेल्यावर अकरा वर्षं त्यांनी एकटीनं दुकान चालवलं. डोक्यावर पदर, कमरेला किल्ल्या, आणि हमालांवर असा आवाज की यार्डाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावा. ठरल्यापेक्षा पावभरही जास्त कडता त्यांनी शेतकऱ्याचा कापला नाही. एक प्रसंग त्या मला इतक्या वेळा सांगायच्या की पुढं मीच त्यांच्या आधी वाक्यं म्हणायला लागले. शेजारच्या दुकानात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचे चाळीस रवे मोजले, आणि कागदावर प्रत्येक रवा बरोबर अठ्ठावीस. काकी तिथून चालल्या होत्या. कागद बघितला आणि जागेवर थांबल्या.

"काटा असा बोलत न्हाय," त्या म्हणाल्या. "एक साडेअठ्ठावीस भरंल, एक सव्वाएकोणतीस. समदे सारखे आले, गोल आले, की समजायचं, मधी माणसाचा हात हाय."

सगळ्यांसमोर चाळीसच्या चाळीस रवे पुन्हा मोजायला लावले. म्हातारा रडला म्हणे. पुढं तो असेतोवर दर वर्षी हंगामात एक लहान ढेप काकींना आणून द्यायचा, नंतर त्याची सून पाठवायला लागली. ती ढेप काकी चहातून, भाकरीबरोबर आणि नुसती, अशी तिन्ही प्रकारे संपवायच्या. "साखर वाईट, बाई. गूळ औषधी," असं वर मलाच ऐकवायच्या.

खाण्याचं सांगायला बसले तर दिवस पुरायचा नाही. मिठाशिवाय त्यांना काही गोड लागायचं नाही आणि गुळाशिवाय काही तिखट लागायचं नाही. खर्डा वाटताना मिठाची मूठ कमी पडली असं वाटलं, की खाताना वरून आणखी. मला शाळेतून यायला उशीर झाला की जिन्याच्या पहिल्या पायरीवर झाकलेलं ताट असायचं, दोन भाकऱ्या, पिठलं, खर्डा. कधी विचारायच्या नाहीत, की जेवलीस का. ताट ठेवायच्या. माझ्या आईनंतर असं ताट कुणी ठेवलं नव्हतं. म्हणून पुढं जे मी केलं, त्याचं जास्त लागतं.

कोपऱ्यावरचे डॉक्टर त्यांचे जुने. सदुसष्टाव्या वर्षी काकींना चक्कर आली म्हणून मी त्यांना तिथं नेलं. प्रेशर एकशे शहात्तर. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. पाळी गेल्यावर बायकांचं वजन पोटावर बसायला लागतं, वजन वाढलं की रक्त पोचवायला हृदयाला जास्त रेटावं लागतं, म्हणून प्रेशर चढतं. एकटं वजनच कारण असतं असं नाही, पण काकी, तुमचं वजन तुमच्या हातात आहे. आठ-दहा किलो उतरवा, मीठ कमी करा, चाला. प्रेशर थोडं तरी खाली येईल. आणि गोळी रोज घ्यायची.

"मी ऐंशी किलो हाय," काकी म्हणाल्या.

"माझा काटा चौऱ्याऐंशी दाखवतोय."

"तुमचा काटा खोटा हाय. आन प्रेशरचं म्हणशीला, तर मी जिना चढून आलो."

दवाखान्याला दोन पायऱ्या होत्या. डॉक्टर हसले. म्हणाले, काही जणांचं दवाखान्यात आल्यावर वाढतं, हे खरं आहे. घरी मशीन घ्या, आठवड्याला मोजा, महिन्याभराचे आकडे लिहून पाठवा, मग गोळी वाढवायची का ते ठरवू.

पुण्याला असलेल्या काकींच्या मुलानं मशीन पाठवलं. दंडाला पट्टा एकटीला बांधता येईना, म्हणून सोमवारचं काम माझ्याकडं आलं. गल्लीतल्या बायका वजन करून गेल्या, की काकी खुर्चीत बसायच्या, मी पट्टा बांधायची, मशीन गुरगुरायचं आणि आकडा यायचा. पहिल्या सोमवारी आला एकशे अडुसष्ट.

"ल्ही भिंतीवर," काकी म्हणाल्या. "जिन्याचा कडता धा."

"तुम्ही जिना चढलाच नाहीत!"

"तू चढलीस न्हवं? तुझा आवाज ऐकून माझं वाढतंय. धा. ल्योकाचा फोन आलता सकाळी, त्येचा धा. झोप झाली न्हाय, त्येचा आठ. किती ऱ्हायलं?"

"एकशे चाळीस," मी म्हटलं. वजाबाकी मला येते.

"बघ की! ठणठणीत हाय मी."

मी पोट धरून हसले. खरं सांगते, मला राग यायच्या ऐवजी कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी शाळेत डबा खाताना मी नकलेसकट सगळं सांगितलं. "ल्योकाच्या फोनचा कडता धा!" सगळ्या शिक्षिका हसून हसून लाल झाल्या. तेव्हापासून दर मंगळवारी मला विचारायच्या, या सोमवारी कशाचा कडता? आणि मी सांगायची. कधी नळाला पाणी न आल्याचा, कधी आक्कांच्या सुनेशी झालेल्या भांडणाचा. उंबऱ्यावर मांजर आडवं गेलं त्याचासुद्धा एकदा पाच. प्रेशरच्या खालच्या आकड्याचा कडता कमी असायचा, "त्यो मुळात बारका हाय" म्हणून.

चालण्याचंही तसंच. डॉक्टरांनी चाला म्हटलं, तर काकी रोज सकाळी मार्केट यार्डात फेरी मारायला लागल्या. मला बरं वाटलं. एका सुट्टीच्या दिवशी बरोबर गेले आणि कपाळाला हात लावला. सौद्याला मांडलेल्या गुळाच्या ओळींतून काकी चालत होत्या आणि प्रत्येक ओळीत थांबून ढेपेचा कोपरा मोडून तोंडात टाकत होत्या. जुने हमाल आदरानं बाजूला होत होते. "बघू काकी, कसा हाय?" "पाक जरा पातळ ऱ्हायला. ह्यो बरा." दोन फेऱ्या झाल्या तेव्हा पावशेर गूळ पोटात गेला होता.

महिना संपला. शाळेच्या वाटेवरच दवाखाना. काकी म्हणाल्या, "भिंतीवरचे आकडे कागदावर उतरून डॉक्टरला दे की. तुझं अक्षर चांगलं हाय."

भिंतीवर चार सोमवार होते. एकशे चाळीस, एकशे चाळीस, एकशे तीस, एकशे चाळीस. मी उभी राहिले. खरे आकडे मला पाठ होते, मीच वाचले होते. म्हटलं, "काकी, खरे लिहू का?"

"हे काय खोटं हाय? कडता वजा जाता हेच खरं."

शाळेची प्रार्थना दहा मिनिटांवर होती. वाद घातला असता तर अर्धा तास गेला असता, काकी रुसल्या असत्या, आठवडाभर ताट आलं नसतं. आणि एवढी चालती-बोलती, ओरडणारी बाई, हिला काय होतंय, असंही वाटलं. मी रेघा मारलेल्या कागदावर, पोरांना कित्ता देते तसल्या वळणदार अक्षरात, ते चार आकडे उतरवले. डॉक्टरांनी कागद बघितला. "वा, मास्तरीणबाई, अक्षर सुंदर!" म्हणाले. घरचं प्रेशर बरं दिसतंय, गोळी आहे तेवढीच चालू राहू दे. असे मी एकूण सात कागद दिले.

आठव्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, मी वेणी घालत होते तेव्हा खाली स्टीलचा डबा पडल्याचा आवाज आला. काकींच्या हातून काही पडलं की पाठोपाठ शिव्या ऐकू यायच्या. त्या आल्या नाहीत. मी अर्धी वेणी तशीच घेऊन खाली धावले. काकी ओट्याला टेकून उभ्या होत्या, फरशीवर मीठ सांडलं होतं, आणि उजवा हात त्यांचा नसल्यासारखा लोंबत होता. माझ्याकडं बघून काहीतरी म्हणाल्या. तोंड एका बाजूला ओढलं होतं, शब्द घोळत होता. आक्कांनी रिक्षा बोलावली. मी रिक्षात त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि मोठमोठ्यानं रडत होते. पोरांना रडू नका म्हणून दटावणारी मी.

दवाखान्यात वेळेत पोचलो, म्हणून वाचल्या. मोठ्या दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती, माझ्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाची. तिनं विचारलं, "आधी प्रेशर किती असायचं? काही नोंद?"

मी पर्समधून पहिल्या कागदाची प्रत काढली. का जपली होती देव जाणे. तिनं वाचली.

"सगळे असे गोल? एकशे चाळीस, एकशे चाळीस, एकशे तीस. मशीनवर दर वेळी असं येत नाही. हे खरे आकडे आहेत?"

मी म्हटलं, "नाहीत." आणि खरे सांगितले. एकशे अडुसष्ट. एकशे बाहत्तर. एकशे एकसष्ट. सगळे पाठ होते.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

तिनं खरे आकडे केसपेपरवर लिहून घेतले. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी तिथं उभी होते आणि मला शाळेतलं ते हसणं ऐकू येत होतं. एका बाईला रोज मरणाच्या वाटेला लावणारी गोष्ट मी डब्याबरोबर तोंडी लावायला घेतली होती. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. जड, घसरलेला, पण काकींचाच. डावा हात वर केला होता त्यांनी.

"तिला... बोलू नगो. तिचं वाचल्यालं... बरोबर हुतं. कडता... माझा."

दीड महिन्यानं काकी घरी आल्या. चालायला काठी लागत होती, बोलणं बरंचसं सुधारलं होतं, उजव्या हातात मात्र जोर आला नाही. मुलगा पुण्याला चला म्हणाला, त्याला त्यांनी दोन वाक्यांत परत पाठवलं. आणि पहिल्याच सोमवारी मला म्हणाल्या, "काटा वड."

"काकी, राहू दे आता."

"वड म्हणतो न्हवं!"

बायका आल्या. काकींना बघायला म्हणून आल्या होत्या, काटा बघून काकी बऱ्या झाल्याचं समाधान वाटलं त्यांना. काकी खुर्चीत बसूनच बोलल्या. "ऐका गं. शेतकऱ्याचा पावशेर कधी जादा कापला न्हाय मी. आन तुमचं समद्यांचं कापत बसलो. माझं तर लईच कापलं. भिंत पुसा." मी ओल्या फडक्यानं भिंत पुसली. "आता चढा. कडता न्हाय."

आक्का चढल्या. दोन रवे आणि वर नऊ. आक्कांचा चेहरा पडला. "काटा बिघडलाय," त्या म्हणाल्या. "काटा कवाच बिघडला न्हवता," काकी म्हणाल्या. पुढच्या सोमवारी बारापैकी चारच बायका आल्या, त्याच्या पुढच्याला तीन. आक्का दोन महिने काकींशी बोलल्या नाहीत. काकींनी एकीलाही बोलवायला पाठवलं नाही. आलेल्या तिघींना मात्र वजनानंतर खुर्चीत बसवायच्या आणि मला सांगायच्या, "हिच्या दंडाला बांध पट्टा." त्यातल्या एकीचं प्रेशर त्या सोप्यातच पहिल्यांदा सापडलं.

मिठाची बरणी काकींनी स्वतः मला माडीवर ठेवायला दिली. "मागितली तर देऊ नगंस. शिव्या दिल्या तरी." शिव्या भरपूर दिल्या. यार्डातली फेरी चालूच राहिली, काठी टेकत, पण बरोबर मी किंवा आक्का (बोलायला लागल्यावर), आणि ढेपेकडं हात गेला की आम्ही हात धरायचा. हमाल हसायचे. खडू डाव्या हातात घेऊन आकडे काढायला त्या पहिलीतल्या पोरासारख्या शिकल्या. वाकडेतिकडे आकडे. चौऱ्याऐंशी, त्र्याऐंशी पूर्णांक काहीतरी, मध्येच पुन्हा चौऱ्याऐंशी, दिवाळीत. दीड वर्षानं शहात्तर. प्रेशर त्याच्याबरोबर हळूहळू खाली आलं, गोळ्या मात्र डॉक्टरांनी एकही कमी केली नाही आणि काकींनीही मागितलं नाही. एकशे चौतीस आला त्या सोमवारी त्यांनी तो आकडा चौकटीत लिहिला.

माझी बदली झाली, मग मी निवृत्तीजवळ आले, कुरुंदवाडला घरी राहायला गेले. काकी आता अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. सोमवारी सव्वासातला त्यांचा फोन येतो. आधी स्वतःचा प्रेशरचा आकडा सांगतात, मग माझा विचारतात.

कारण आता माझं वय सत्तावन्न, वजन दोन रवे आणि वर तेरा. गेल्या वर्षी गोळी सुरू झाली. मला सगळं माहीत आहे, सगळं समोर बघितलंय, तरी रात्री डब्यातलं लोणचं सुटत नाही. आपलं शहाणपण दुसऱ्याला सांगण्यापुरतंच असतं.

गेल्या सोमवारी मशीनवर एकशे बासष्ट आला. मी पुन्हा मोजलं. एकशे अठ्ठावन्न. आदल्या दिवशी लग्नाला गेले होते, झोप झाली नव्हती, जिवाला बरं वाटत नव्हतं. फोन वाजला.

"किती?"

"एकशे चाळीस," मी म्हटलं.

"मास्तरीणबाई, काटा असा बोलत न्हाय."

मी मशीनचा पट्टा गुंडाळायला लागले.

"कशाचा कापलास?"

"झोपेचा," मी म्हटलं. "आणि लग्नाचा."

"खरा किती?"

"एकशे अठ्ठावन्न. त्याच्या आधी एकशे बासष्ट."

"मग उठ. डॉक्टरकडं जा आन हेच सांग. मी फोन धरून बसतो. चप्पल घातल्याचा आवाज येऊ दे."

मी फोन टेबलावर ठेवला, चालूच, आणि दारात जाऊन चप्पल घातली. काकींना ऐकू जाईल अशी, आपटून.